पाण्याचं वय

गोळी विरघळली तरी कुपीतलं पाणी गुलाबी झालं नाही. वैजयंतीने कुपी खिडकीच्या उजेडात धरली, हलवली, परत धरली. पाणी पाण्यासारखंच राहिलं.

तिने कुपी विसळली, नळ थोडा वाहू दिला आणि दुसरी गोळी टाकली. पुन्हा तेच.

"जेवायला आलीस की तपासायला?" मंगलाक्का कळण्याची भाकरी थापता थापता म्हणाली. "सख्ख्या बहिणीच्या घरचं पाणीसुद्धा पारखून पिणार?"

"सवय आहे गं आक्का."

"मग आता कडीकडे बघ आणि पी. तूच लावलीस ना ती?"

नळाच्या तोंडाशी बसवलेली बोटभर रुंदीची कडी हिरवी होती. तिच्यावर बारीक अक्षरं उमटली होती : *ताजे. वय चौदा तास.* करंजवाडे शहरातल्या प्रत्येक नळाला आता अशी कडी होती. लोक तिच्याकडे घड्याळासारखं बघायचे, म्हणजे न बघताच विश्वास ठेवायचे.

वैजयंती भोळे ही नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात रसायनतज्ज्ञ होती. कुपीतला गुलाबी रंग पाण्यात उरलेला क्लोरिन दाखवतो. रंग नाही म्हणजे क्लोरिन नाही. आणि चौदा तासांच्या पाण्यात तो नसणं शक्यच नव्हतं.

"गल्लीत कुणी आजारी आहे का?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"चौधरींच्या दोघांना कावीळ झाली. दवाखान्यात म्हणाले, बाहेरचं खाल्लं असेल. ते मेले पाणीपुरीवाल्याला शिव्या देतायत."

आतल्या खोलीतून ऋतुजा आली. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात रिकामा पेला. आक्काची धाकटी मुलगी, सातवा संपून आठवा लागलेला, बाळंतपणासाठी माहेरी आलेली. तिने पेला नळाखाली धरला.

"थांब," वैजयंती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"काय झालं मावशी?"

पाण्यातून पसरणारी एक कावीळ असते. धडधाकट माणूस तिच्यातून पंधरवड्याच्या विश्रांतीने उठतो. पण शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर बाईला ती झाली, की डॉक्टरसुद्धा बोलणं कमी करतात. वैजयंतीने यातलं काहीच सांगितलं नाही.

"उकळून पी," ती म्हणाली. "चूळ भरायलाही उकळलेलंच घे. दोघींनी."

आक्काने तव्यावरची भाकरी उलटली. "आणि शेजारच्यांना काय सांगू? माझी बहीण नगरपालिकेत आहे, म्हणून आम्हीच तेवढे उकळून पितो? तुम्ही प्या तसंच?"

कडी हिरवी असताना पाण्याबद्दल जाहीर सूचना काढायचा अधिकार शहरात कुणालाच नव्हता. एकदा पाण्यात विष कालवल्याची अफवा उठली होती. घराघरांत लोकांनी एकाच वेळी नळ सोडून भांडी भरली, दाब कोसळला, आणि पाइपांच्या फटींतून गटाराचं पाणी आत ओढलं गेलं. अफवेने जे झालं नसतं ते अफवेच्या भीतीने झालं. तेव्हापासून नियम झाला : बोलेल ती कडी.

*

कडीच्या मागे बोलायची ती जलछाया.

जलछाया म्हणजे शहराच्या नळजाळ्याची संगणकातली सावली. जमिनीखाली जिथे पाइप, तिथे सावलीत एक रेघ. दोन पाइप मिळतात तिथे गाठ. शुद्धीकरण केंद्रातून निघालेला पाण्याचा एक लहानसा तुकडा कल्पायचा आणि त्याच्या मागोमाग या रेघांमधून चालायचं. तो कुठे धावतो, कुठे रेंगाळतो, कोणत्या गाठीत दुसऱ्या पाण्यात मिसळतो. केंद्र सोडल्यापासून गेलेला वेळ म्हणजे त्याचं वय. जलछाया असे लाखो तुकडे अहोरात्र चालवत असे.

वयाला किंमत होती ती क्लोरिनमुळे. क्लोरिन हा पाण्याबरोबर पाठवलेला पहारेकरी, पण तो वाटेत खर्च होत जातो. थोडा पाण्यातल्याच सेंद्रिय कणांवर खर्च होतो, थोडा पाइपच्या भिंती खातात. जुन्या लोखंडी पाइपांना आतून गंज आणि बुळबुळीत थर धरलेला असतो, त्यांची भूक मोठी. पाणी जितकं जास्त पाइपात पडून राहील तितका पहारा विरळ होतो. सुरुवातीलाच भरपूर घालावा, तर केंद्राजवळच्या घरांत उग्र वास येतो, आणि क्लोरिनपासून पाण्यात तयार होणारी काही संयुगं वर्षानुवर्षं पोटात जाणं बरं नसतं. म्हणून जलछाया केंद्रावर बेताचा क्लोरिन घालायची, वाटेत चार ठिकाणी थोडा थोडा वाढवायची, आणि झडपा उघडमीट करून पाणी कुठेही म्हातारं होणार नाही असं बघायची.

प्रत्येक नळावर क्लोरिन मोजणारं यंत्र बसवणं नगरपालिकेला परवडणारं नव्हतं. म्हणून मोजणारी यंत्रं मोजक्या गाठींवर होती. बाकीच्या नळांवरची कडी मोजत नसे. जलछाया जे सांगेल ते दाखवत असे.

ऑफिसात वैजयंतीने आक्काच्या, म्हणजे निंबाच्या गल्लीतली नोंद भरली : शून्य. पडद्यावर लगेच उत्तर उमटलं. *विसंगत नोंद. वगळली.*

ती उठून कार्यकारी अभियंता खैरनारांच्या खोलीत गेली. खैरनार पन्नाशीचे, बोलण्यात गमत्ये, पण फाइल हातात घेतली की चष्मा पुसून वाचणारे.

"मॅडम, हा नियम कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"माझाच."

तिचाच होता. जलछाया येण्यापूर्वी नमुने घेणारे कर्मचारी चहाच्या टपरीवर बसून रकाने भरायचे. पॉइंट दोन, पॉइंट दोन, पॉइंट दोन, खाली तीच खूण. अशा खोट्या आकड्यांनी मॉडेल बिघडू नये म्हणून वैजयंतीने चाळणी लिहिली. माणसाने भरलेला आकडा भाकितापासून फार दूर असला, तर तो आकडाच चुकला असं धरायचं. चाळणी उत्तम चालली. आतापर्यंत.

"यंत्राचं मोजमाप टाका. ते वगळत नाही ती."

"त्या गल्लीत यंत्र नाही. सर्वांत जवळचं आहे ते मोठ्या पाइपवर, गल्लीच्या तोंडाशी. तिथे पाणी छान आहे."

"मग गल्लीच्या शेवटची, पाइप धुवायची झडप हाताने उघडा. पाच मिनिटांचं काम."

मग दोघांनाही एकदमच आठवलं. हाताने उघडायचं चाकच कुठल्या झडपेला राहिलं नव्हतं. पूर्वी नगरसेवकांची माणसं चाकं फिरवून आपापल्या वॉर्डात पाणी जास्त वेळ घ्यायची. त्यावरून डोकी फुटली होती. म्हणून चाकं काढून फक्त जलछायेच्या हुकमाने फिरणाऱ्या मोटारी बसवल्या, वर शिशाची मोहोर. तो प्रस्ताव खैरनारांनी लिहिला होता.

"म्हणजे तुम्ही तोंड बंद केलंत आणि मी हात बांधले," खैरनार म्हणाले. हसायला गेले, पण जमलं नाही. "दुरुस्तीचा अर्ज करा वर. राज्य समितीकडे. एकच चाळणी आता बऱ्याच शहरांत चालते, ती आपल्याला इथे बसून बदलता येणार नाही."

"अर्ज आजच करते. पण त्याला वेळ लागेल साहेब. माझी भाची त्याच गल्लीत आहे, आठव्या महिन्यात."

खैरनारांनी चष्मा काढून पुसला. वाचायला समोर काही नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी ती कामावरून थेट आक्काकडे गेली. पाण्याचं पातेलं गॅसवर होतं, बाजूला दोन पातेली निवत ठेवलेली.

"गॅस संपेल माझा," आक्का म्हणाली. "कालपासून आंघोळ सोडून सगळं उकळतेय. ऋतुजा विसरून नळाचंच तोंडावर मारते. मी किती मागे लागू?"

वैजयंती स्टुलावर बसली. समोर खिडकीखाली एक लोखंडी तिवई होती आणि तिच्यावर मनीप्लांट ठेवला होता. पूर्वी तिथे पितळी हंडा असायचा, त्यावर कळशी.

"हंडा कुठे गेला गं?"

"दिला की मोडीत. कशाला हवा? तुझ्याच लोकांनी भिंतींवर रंगवलं ना, 'चोवीस तास ताजे पाणी. साठवू नका, ओतू नका.' सुरुवातीला वर्षभर मी आपली ओतायचे. उठल्यावर पहिलं काम तेच. कालचं शिळं पाणी अंगणात, मग हंडा घासायचा, ताजं भरायचं. बेंडाळे काकू, चौधरी वहिनी, सगळ्याच ओतायच्या. नळाला पाणी चोवीस तास असलं तरी हात ऐकायचे नाहीत. मग म्हटलं, नगरपालिकेत आपली बहीण, आणि आपणच पाणी फेकतोय. सोडलं. माझं बघून गल्लीनेही सोडलं."

वैजयंती तिवईकडे बघत राहिली.

सुरुवातीचं वर्ष. त्याच वर्षी जलछायेला शहराच्या सवयी शिकवल्या होत्या. कुठल्या भागात किती पाणी, कोणत्या वेळी. घरोघरी मीटर बसवणं टेंडरमधून गळालं होतं. मीटर होता तो सगळ्या विभागाला मिळून एक. निंबाची गल्ली सकाळी भरपूर पाणी ओढते हे जलछायेने तेव्हाच्या तात्पुरत्या मोजणीतून शिकून घेतलं. पुढे गल्लीने ओतणं सोडलं. पण त्याच विभागात पलीकडे उंच इमारती झाल्या, पोहण्याचा तलाव झाला. विभागाचा एकूण आकडा तसाच राहिला. जलछायेच्या लेखी काहीच बदललं नव्हतं. तिच्या सावलीत आक्का अजून रोज सकाळी हंडा ओतत होती.

खरी गल्ली मात्र पुढे कुठे जात नव्हती. पाइप नाल्याच्या काठाशी बुच लावून संपवलेला. पुढे वस्ती वाढेल म्हणून मुद्दाम रुंद टाकलेला. त्या रुंद पाइपात इतक्या थोड्या घरांच्या वापराने पाणी मुंगीच्या पावलाने सरकत होतं. चौदा तास नव्हे, तिने मनातल्या मनात गुणाकार केला. आठवडा. पहारेकरी गल्लीच्या मध्यावरच संपत असणार. आणि टोकाशी, नाल्याच्या कडेला, एक सांधा जरी ढिला असला, झडप मिटताना दाब क्षणभर जरी पडला...

शिळं पाणी ओतून बायका नळजाळं धूत होत्या. हे त्यांना माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं.

"आक्का," ती हळूच म्हणाली, "परत ओतायचं. सगळ्या गल्लीने. रोज सकाळी."

"वेडी का खुळी? पाणी फेकलेलं दिसलं तर लोक तोंडावर बोलतात आता. आणि नळ जास्त वेळ सोडला की कडीतलं घड्याळच तो बंद करतं. गळती समजून."

"एका घराने नाही सोडायचा. एका घराचे तीन-चार हंडे झाले की पुढच्याने सुरू करायचं. टोकाच्या घरांनी थोडं जास्त. पाइपातलं जुनं पाणी बाहेर निघालं पाहिजे आणि मोठ्या पाइपातलं नवं आत आलं पाहिजे. बस्स."

"का म्हणून सांगू त्यांना?"

"तेच तर सांगता येत नाही."

आक्काने गॅस बारीक केला. पदराला हात पुसले. ऋतुजाच्या खोलीकडे एकदा बघितलं.

"नवस बोलले म्हणून सांगते," ती म्हणाली.

"काय?"

"लेकीच्या बाळंतपणासाठी. बाळ सुखरूप हातात येईपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक दारातून सकाळी शिळं पाणी उंबऱ्याबाहेर जायला हवं, असा. पोटुशी बाईसाठी कुणी नाही म्हणत नाही. कारणही विचारत नाहीत. आणि पाणी उकळून प्यायचं, तेही त्यातच घालते."

"खोटा नवस?"

"खोटा कसा? मागणं तर खरंच आहे."

वैजयंती पाण्याच्या रसायनशास्त्रात पदवीधर होती. घरी उपासतापास न करणारी होती. तिने मान हलवली. ती होकारार्थी होती हे तिला नंतर कळलं.

*

सकाळी गल्लीत भांड्यांचा आवाज झाला. हंडे फारसे कुणाकडे उरले नव्हते. बायका मिळेल ते घेऊन आल्या : प्लॅस्टिकच्या बादल्या, मोठे कुकर, एकीकडे तर बाळाला न्हाऊ घालायचा निळा टब.

"मंगला, देवाला कुकर चालतो का गं?" बेंडाळे काकूंनी ओरडून विचारलं.

"शिट्टी काढून घेतली की चालतो!"

"आणि आमच्या यांना विचार, चहासाठी पाणी उकळायला सांगितलं तर म्हणतात, नवस तुमचा, गॅस माझा का?"

चौधरी वहिनी गंभीर होत्या. घरात दोन आजारी माणसं. त्यांनी एकामागून एक बादल्या निंबाच्या बुंध्याशी ओतल्या आणि हात जोडले. वैजयंतीने नजर वळवली.

ती टोकाच्या घराच्या, आक्काच्या, नळापाशी कुपी घेऊन उभी होती. पहिल्या दिवशी पाणी बिनरंगीच राहिलं. दुसऱ्या दिवशीही. त्या दिवशी बेंडाळे काकूंच्या नळाला गुलाबी झाक आली, पण त्यांचं घर गल्लीच्या मध्यावर. पुढच्या सकाळी चार-पाच घरं पुढे. रंग दारादारांतून चालत येत होता. वैजयंतीला तो चालताना दिसत होता. आयुष्यात पहिल्यांदाच तिला पाण्याचा तुकडा पडद्यावर नाही, रस्त्यावर दिसला.

मग एका सकाळी आक्काच्या ओट्यावर कुपी गुलाबी झाली. फिकट, पण गुलाबी.

"अगं बाई," ऋतुजा म्हणाली. "किती सुंदर दिसतं."

कडीकडे तिघींनीही बघितलं. ती हिरवीच होती. पहिल्या दिवशी होती तितकीच.

*

ऑफिसात वैजयंतीने नवा आकडा भरला. *नोंद स्वीकारली.* भाकितात आणि तिच्या आकड्यात आता फरकच नव्हता.

तिला बरं वाटलं. पण खैरनार समितीचं पत्र घेऊन आले आणि ते बरं वाटणं तिथेच संपलं.

"वाचू का?" ते म्हणाले. "'निंबाच्या गल्लीतील प्रत्यक्ष मापन भाकिताशी जुळत असल्याने दुरुस्तीचे कारण उरत नाही. अर्ज निकाली.' सोबत अभिनंदन आहे. करंजवाड्याची अचूकता या महिन्यात सर्वांत जास्त."

"पण ते आम्ही जुळवलंय!"

"ते मला कळतं मॅडम. त्यांना कसं कळणार? मी फोन केला होता. म्हणाले, अर्ज परत उघडायचा तर त्याच जागेवरचे सलग आठवडाभराचे विसंगत आकडे द्या. समितीचा माणूस येऊन स्वतः घेईल. चाळणी बाजूला ठेवून."

"म्हणजे ओतणं थांबवायला हवं."

"हो."

"आठवडाभर गल्ली तशीच ठेवायची. पाणी परत शिळं होऊ द्यायचं. लोकांना काही सांगायचं नाही, कारण कडी हिरवी."

खैरनारांनी पत्राची घडी घातली. "तुम्ही म्हणाल तसं मी लिहीन. आपण सही एकत्र करू."

तिने भिंतीवरचा नकाशा बघितला. शहराची सगळी रेघांची जाळी हिरवी. कडेकडेला बारीक रेघा निघून नुसत्याच थांबलेल्या, झाडाच्या मुळांच्या टोकांसारख्या. अशी टोकं किती होती ते तिने कधी मोजलं नव्हतं. तिथल्या बायका सकाळी काय करतात, की काय करायचं सोडून दिलंय, हेही तिला माहीत नव्हतं. एका गल्लीचा आठवडा दिला तर या सगळ्या टोकांचं खरं बाहेर येईल. आणि ती गल्ली तिच्या ओळखीची होती.

*

संध्याकाळी तिने आक्काला सगळं सांगितलं, काही न लपवता. आक्का निवडायला घेतलेली मेथी तशीच हातात धरून ऐकत राहिली.

"मग थांबवायचं का?" तिने विचारलं.

"मी नाही सांगणार थांबवायला."

"आणि बाळ झाल्यावर? नवस तर फिटेल. मग काय सांगू लोकांना? दुसरं बाळ कुठून आणू?"

ऋतुजा दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"मावशी, सोपं आहे की. मी जाते सासरी. तिकडे होऊ दे बाळंतपण. चौधरी वहिनी वगैरे सगळ्यांना उकळून प्यायला सांगू, आणि तुझ्या माणसाला बोलव. एक आठवडा काढतील गल्लीतले."

वैजयंतीने मान वर केली. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी तिच्यासमोर एक दार उघडलं होतं. ऋतुजाचं सासर इथून तीन तासांवर, दुसऱ्या शहरात. वेगळी नगरपालिका, वेगळं पाणी.

"तिकडचं पाणी कसं आहे?" तिने विचारलं.

"छान आहे. थांब, दाखवते." ऋतुजा मोबाइल चाळू लागली. "सासूबाईंनी परवाच फोटो पाठवलाय. त्यांच्याकडेही कड्या बसल्या की. बघ."

फोटोत एक स्वच्छ घासलेला नळ होता. त्याच्या तोंडाशी बोटभर रुंदीची कडी, हिरवीगार. *ताजे. वय अकरा तास.*

गॅसवर पाण्याला आधण आलं होतं, झाकण थडथडत होतं.

"फोन लाव त्यांना," वैजयंती म्हणाली.

पलीकडून आनंदाने भरलेला आवाज आला. ऋतुजा कशी आहे, पाय सुजतात का, डिंकाचे लाडू करून पाठवू का. वैजयंतीने सगळ्याची नीट उत्तरं दिली. मग विचारलं, "विहीणबाई, एक सांगा. तुमच्या घरावरून तो रस्ता पुढे कुठे जातो हो?"

"पुढे?" पलीकडच्या बाई हसल्या. "पुढे कुठे जायचा? आमच्या दारातच संपतो. म्हणून तर इतकं शांत आहे बघा इथे. गाडीघोडं काही नाही."

आक्काने झाकण उतरवलं. वाफ खिडकीखालच्या तिवईवरून वर गेली.

वैजयंतीने डोळे मिटले, उघडले, आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरं," ती म्हणाली. "घरात अजून हंडा आहे का तुमच्या?"